स्कायरिम आधी की विचर ३? इंदूरच्या नवख्या खेळाडूसाठी टप्प्याटप्प्याने

'स्कायरिम' आणि 'विचर ३' या दोन्ही खेळांत तलवारी आहेत, राक्षस आहेत, घोडे आहेत आणि कुठेही भटकता येईल एवढा मोठा नकाशा आहे. दोघांनाही ओपन-वर्ल्ड आरपीजी म्हणतात, म्हणजे मोकळ्या जगात एका पात्राची भूमिका जगायचे खेळ. त्यामुळे नवा माणूस दोन्ही एकाच जातीचे समजून सेलमध्ये एकदम घेऊन टाकतो. पुढे एक खेळ महिनोन्‌महिने चालतो आणि दुसरा दहा तासांत सुटतो. खेळ वाईट असतो म्हणून नव्हे, तर एका खेळात लागलेल्या सवयी दुसऱ्यात जशाच्या तशा नेल्या जातात म्हणून. कोणती सवय कुठे चालते आणि कुठे नडते हे आधीच माहीत असेल तर दोन्ही खेळ पुरे होतात.

सुरू करण्याआधी हाताशी असू द्या

- ६४-बिट विंडोज १० किंवा ११ असलेला कॉम्प्युटर, वेगळ्या ग्राफिक्स कार्डासह
- मोकळी जागा: स्कायरिमच्या स्पेशल एडिशनला १२ जीबी, विचर ३ ला ५० जीबी. मॉड (खेळात बदल करणाऱ्या, चाहत्यांनी बनवलेल्या फाइली) घालणार असाल तर स्कायरिमसाठी आणखी २०-३० जीबी राखून ठेवा
- स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचं खातं आणि त्याला जोडलेला, रोज उघडत असलेला ईमेल
- एक्सबॉक्स पद्धतीचा कंट्रोलर. सक्तीचा नाही, पण विचरची मारामारी त्याच्यावर जास्त सुखाची होते
- डेस्कटॉप असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस. तो खेळत राहण्यासाठी नाही, सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता. पावसाळ्यात वीज गेली आणि नेमकी सेव्ह लिहिली जात असेल तर ती फाइल खराब होते

## १. तुम्हाला काय हवंय ते ठरवा

स्कायरिम बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा, ११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेला. त्यात दहा वंशांपैकी एक निवडून तुम्ही आपला माणूस घडवता. तो कोण आहे, चोर की जादूगार, हे खेळ ठरवत नाही. मुख्य कथा बाजूला ठेवून वर्षभर नुसती गुहा-थडगी पालथी घातली तरी कुणी विचारत नाही.

विचर ३ हा सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीचा, १९ मे २०१५ चा. इथे माणूस ठरलेला आहे: गेराल्ट, पैसे घेऊन राक्षस मारणारा. तुमच्या हातात असतं ते त्याचं बोलणं आणि त्याचे निर्णय. आज घेतलेल्या निर्णयाचं फळ दहा-पंधरा तासांनी समोर येतं. पहिले दोन भाग किंवा मूळ पुस्तकं माहीत नसली तरी अडत नाही. मेन्यूतल्या शब्दकोशात प्रत्येक पात्राची माहिती आहे, नवं नाव आलं की तिथे डोकावा.

निवड करताना तीन गोष्टी बघा.

पहिली, वेळ. रोज अर्धा-पाऊण तासच मिळत असेल तर स्कायरिम. एक गुहा तेवढ्यात उरकते आणि कुठेही थांबता येतं. विचरमधला एक चांगला प्रसंग सलग दोन-तीन तास मागतो, मधेच सोडला तर पुढच्या वेळी कोण कुणाचा कोण हेच आठवत नाही. मुख्य कथा स्कायरिमची साधारण ३० तासांची, विचरची ५० तासांची. भटकंती वेगळी.

दुसरी, इंग्रजी. मराठी सोडाच, हिंदीही दोन्हींत नाही. विचरमध्ये संवाद अफाट आहेत आणि लोक गावंढळ उच्चारात भराभर बोलतात. सबटायटल सुरू ठेवा, सेटिंगमध्ये अक्षर मोठं करा. स्कायरिममध्ये नकाशावरचा बाण बघत गेलात तरी निभावतं.

तिसरी, घर. दोन्ही प्रौढांसाठीचे खेळ आहेत, युरोपातलं दोघांचंही मानांकन १८ वर्षांवरचं. पण विचर सुरूच होतो स्नानाच्या प्रसंगाने, अंगावर कपडे नसलेल्या माणसांसह. दिवाणखान्यातल्या टीव्हीला केबल जोडली असेल आणि आजी शेजारी भाजी निवडत बसली असेल, तर ती वेळ टाळा.

## २. मशीन खरोखर झेपेल का ते तपासा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमधला 'परफॉर्मन्स' भाग उघडा. डाव्या बाजूला जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, दिसेल. तिथे फक्त इंटेल यूएचडी असं असेल तर विचरचा विचार तूर्त सोडा.

स्कायरिम स्पेशल एडिशनची किमान गरज: इंटेल आय५-७५०, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ४७०. विचरची: आय५-२५००के, ६ जीबी रॅम, जीटीएक्स ६६०. आकडे जवळजवळचे वाटतात, पण फसू नका. विचरचे हे आकडे डायरेक्टएक्स ११ साठी आहेत (डायरेक्टएक्स म्हणजे खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारी विंडोजची यंत्रणा). डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर खेळ डायरेक्टएक्स १२ वरही चालतो आणि ती बाजू बरीच जड आहे. जीटीएक्स १६५० आणि ८ जीबी रॅमवर स्कायरिम 'हाय'वर छान पळतो. त्याच मशीनवर विचर डायरेक्टएक्स ११ मध्ये आणि मध्यम सेटिंगवर ठेवावा लागतो.

कार्ड घ्यायचंच असेल तर इंदुरात आर. एन. टी. मार्गावरचा सिल्व्हर मॉल ही पहिली जागा. जाताना आपल्या एसएमपीएसवरचं (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) लेबल मोबाइलमध्ये टिपून न्या. दुकानदार 'भिया, सब चल जाएगा' म्हणेल. त्यावर दोन प्रश्न विचारा: कार्डाला वेगळी वीजजोडणी लागते का, आणि आपल्या सप्लायला तो कनेक्टर आहे का. १६५० ची बरीच मॉडेलं ७५ वॉटमध्ये, नुसत्या स्लॉटच्या विजेवर चालतात, काहींना ६ पिनचा कनेक्टर लागतो. वापरलेलं कार्ड घेत असाल तर सीरियल नंबरावरून वॉरंटी बघा आणि दुकानातच अर्धा तास एखादा जड खेळ चालवून दाखवायला सांगा. पहिल्या पाच मिनिटांत खराब कार्डही शहाण्यासारखं वागतं.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक जुनी भानगड. आत कार्ड दोन असतात आणि विंडोज कधीकधी खेळ अशक्त कार्डावर चालवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्या खेळापुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडा. हे न करता खेळ अडखळतो म्हणून नवी रॅम विकत आणणारे पुष्कळ आहेत.

## ३. योग्य आवृत्ती विकत घ्या

स्कायरिमची स्पेशल एडिशन घ्या, म्हणजे २०१६ ची. मूळ खेळाची तिन्ही विस्तारपर्वं, डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न, तिच्यात आहेत. २०२१ ची अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन महाग आहे आणि पहिल्याच तासात इतकी जादा कामं अंगावर टाकते की मूळ खेळ कुठला आणि जोडलेला कुठला हे नवख्याला कळत नाही.

विचरची मात्र उलट गोष्ट. तिथे कंप्लीट एडिशनच घ्या. 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि 'ब्लड अँड वाइन' ही दोन विस्तारपर्वं तिच्यात येतात, आणि 'ब्लड अँड वाइन' तर मूळ खेळाहूनही देखणं झालंय. आधी साधा खेळ आणि मग पर्वं सुटी घेतली की बहुधा जास्त पैसे जातात.

पूर्ण किमतीला दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. जूनअखेरच्या आणि डिसेंबरअखेरच्या स्टीम सेलमध्ये हे जुने खेळ मोठ्या सवलतीत असतात. स्टीमवर रुपयांत आणि यूपीआयने पैसे भरता येतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याची वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर परतावा मिळतो. म्हणून पहिल्या दोन तासांत आधी सेटिंग जुळवून मशीनला झेपतंय का ते बघा. खेळ उघडा ठेवून जेवायला गेलात तर तोही वेळ मोजला जातो.

## ४. डाउनलोडचा हिशेब

४० एमबीपीएसच्या जोडणीवर ५० जीबीला सुमारे पावणेतीन तास लागतात, स्कायरिमच्या १२ जीबीला ४० मिनिटं. स्टीम वेग मेगाबाइटमध्ये दाखवतं, म्हणजे ४० च्या जोडणीवर ५ च्या आसपास आकडा दिसेल. तो बघून इंटरनेटवाल्याशी भांडायला जाऊ नका, आठाने गुणा.

रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर विचर उतरवायला २५ दिवस लागतील. मित्राच्या घरी लॅपटॉप नेणं बरं. दोन्ही खेळ गॉग या दुकानावरही आहेत. तिथून घेतलेल्या खेळाची इन्स्टॉलर फाइल स्वतःजवळ ठेवता येते, विंडोज नव्याने टाकलं तरी पुन्हा उतरवावं लागत नाही.

## ५. खेळ सुरू करण्याआधीची सेटिंग

स्कायरिममध्ये एकच गोष्ट जीवनमरणाची आहे: सेकंदाला ६० फ्रेम्सच्या (पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या) वर जाऊ देऊ नका. या खेळातल्या वस्तूंच्या पडण्या-आदळण्याचं गणित फ्रेम्सना बांधलेलं आहे. १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर मर्यादा न घालता सुरू केलात तर खोलीत शिरताच टेबलावरची भांडी उडतात आणि सुरुवातीची घोडागाडी रस्त्यात कोलांट्या घेते. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन या खेळापुरती ६० ची मर्यादा लावा. मशीन दमत असेल तर सावल्यांचं अंतर आणि गॉड रेज (उन्हाच्या तिरिपा) कमी करा.

विचरमध्ये लाँचरवर डायरेक्टएक्स ११ निवडा. आत गेल्यावर हेअरवर्क्स (केस खरे वाटावेत म्हणून असलेली सेटिंग) बंद, बस्स. गेराल्टचे केस थोडे कमी डुलतील, पण त्या एका सेटिंगने जेवढी ताकद वाचते तेवढी दुसऱ्या कशानेही वाचत नाही. नोव्हिग्राड शहरात खेळ अडखळला तर पार्श्वभूमीतल्या माणसांची संख्या कमी करा, तिथे भार प्रोसेसरवर असतो.

एप्रिल-मेमध्ये इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका आणि विचरची मर्यादा ३० वर आणा. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग ६० मागून मिळतात २५, तेही धक्के खात.

## ६. स्कायरिमचे पहिले दहा तास

खेळ जिथे सुरू होतो त्या हेल्गन गावातून सुटलात की रस्त्यातच तीन उभे दगड लागतात: योद्धा, चोर, जादूगार. आपल्या पद्धतीचा दगड निवडा. त्या गटातली कौशल्यं २० टक्के वेगाने वाढतात. नंतर बदलता येतो.

पुढच्या रिव्हरवूड गावात दुकानदाराच्या चोरीला गेलेल्या सोन्याच्या पंज्याचं काम घ्या आणि ब्लीक फॉल्स बॅरो या थडग्यात जा. आतल्या फिरत्या दारापाशी बहुतेक जण अडतात. पंजा सामानात उघडून फिरवून बघा, उत्तर त्याच्या तळव्यावर कोरलेलं आहे: बाहेरून आत अस्वल, पतंग, घुबड. शेवटी मिळणारा ड्रॅगनस्टोन व्हाइटरन शहराच्या दरबारात लागतोच, त्यामुळे दुसरी खेप वाचते.

मग व्हाइटरन, आणि तिथून पश्चिमेच्या बुरुजावरचा ड्रॅगन. हे काम उरकेपर्यंत इकडेतिकडे भटकू नका. ते होईपर्यंत आकाशात ड्रॅगन येतच नाहीत आणि आरोळ्या (ड्रॅगनांच्या भाषेतली जादू) वापरायची शक्ती जागी होत नाही. चाळीस तास खेळून 'ड्रॅगन कुठे आहेत?' असं विचारणारे याच ठिकाणी चुकलेले असतात.

इथे जे वापराल ते वाढतं. धनुष्य चालवलं की धनुर्विद्या वाढते, वजनदार चिलखत घालून मार खाल्ला की चिलखताचं कौशल्य. पण कोणतंही कौशल्य वाढलं की एकूण लेव्हल वाढते आणि शत्रूही त्या मानाने कडक होतात. म्हणून सुरुवातीला नुसती लोहारकी, औषधं आणि घासाघीस करत बसलात तर लेव्हल १५ चा उत्तम लोहार तयार होतो, ज्याला साधे दरोडेखोरही लोळवतात. लोखंडी खंजिरांची रास करण्याची जुनी युक्तीही आता फळत नाही. २०१२ च्या एका पॅचपासून (दुरुस्तीच्या अपडेटपासून) लोहारकीचा अनुभव बनवलेल्या वस्तूच्या किमतीवर मिळतो.

औषधांसाठी निळं पहाडी फूल आणि गहू एकत्र करा: जखम भरते, आणि कमाल आरोग्यही काही काळ वाढतं. दोन्ही वस्तू व्हाइटरनच्या आसपास भरपूर आहेत. नवा पाला दिसला की एक खाऊन बघा, त्याचा पहिला गुण कळतो.

ओझ्याची मर्यादा ३०० आहे, लेव्हल वाढताना स्टॅमिना (दमसास) निवडला की ५ ने वाढते. वजनाच्या मानाने किंमत बघा. झाडू, बादल्या उचलू नका. राक्षसी उंचीच्या जायंटांच्या जवळ जाऊ नका, त्यांच्या एका फटक्यात माणूस ढगात जातो, अक्षरशः. आणि लपून बाण मारायची चटक लागली तर लागू द्या, सगळ्यांना लागते.

## ७. विचरचे पहिले दहा तास

इथे स्कायरिमच्या सवयी सोडायच्या आहेत, आणि त्या चिवट असतात.

राक्षस मारून लेव्हल वाढत नाही. अनुभव जवळजवळ सगळा क्वेस्टमधून, म्हणजे खेळाने दिलेल्या कामांतून, मिळतो. जंगलात लांडगे मारत फिरणं म्हणजे तलवारीची धार घालवणं. क्वेस्टच्या नावापुढे सुचवलेली लेव्हल असते. ती लाल दिसली तर थांबा. पण फार थांबूनही चालत नाही, कारण तुम्ही सहा लेव्हल पुढे गेलात की क्वेस्ट राखाडी होतो आणि अनुभव नाममात्र मिळतो. व्हाइट ऑर्चर्ड हे पहिलं गाव नीट संपवा, व्हेलेन या प्रदेशात लेव्हल ५ च्या आसपास जा, स्केलिगे बेटांवर १६ च्या.

घेतलेलं कौशल्य खणात बसवा. स्कायरिममध्ये पर्क (कौशल्यातली खास क्षमता) निवडला की तो लागू होतो. इथे कौशल्य विकत घेऊन ते उजवीकडच्या मोकळ्या खणात ओढून ठेवावं लागतं, नाहीतर ते निष्क्रियच राहतं. शेजारी त्याच रंगाचा म्युटाजेन (राक्षसांपासून मिळणारा, ताकद वाढवणारा पदार्थ) बसवला की आणखी फायदा. वीस तास रिकाम्या खणांनी लढलेले लोक आहेत.

तलवारी दोन. पोलादी माणसांसाठी आणि जनावरांसाठी, चांदीची राक्षसांसाठी. खेळ बहुतेक वेळा स्वतः योग्य तलवार काढतो. त्या झिजतात, दुरुस्त कराव्या लागतात. स्कायरिममध्ये शस्त्र झिजत नाही आणि सहाणेवर घासलं की सुधारणा कायमची होते. विचरमध्ये सहाणेचा परिणाम काही वेळाने उतरतो. म्हणून गावाबाहेर मोठ्या शिकारीला निघताना घासून निघा.

औषध एकदाच बनवायचं. सुरुवातीलाच स्वॉलो हे जखम भरणारं औषध बनवा: ड्वार्व्हन स्पिरिट ही कडक दारू १, ड्राउनर या पाण्यातल्या राक्षसाचा मेंदू १, सेलंडाइन ही वनस्पती ५. नंतर ते संपलं की ध्यानाला बसा. सामानात एक कडक दारू असेल तर रिकाम्या झालेल्या सगळ्या बाटल्या त्या एकीत भरतात. कडक दारूच्या बाटल्या विकू नका. वनस्पती आणि कारागिरीचं कच्चं सामान ओझ्यात धरलं जात नाही, तेवढं बिनधास्त उचला. इथली तलवारी-चिलखतं मात्र स्कायरिमसारखी साठवलीत तर घोड्यावरून पळणंही बंद होईल.

मार चुकवा. स्कायरिममध्ये समोर उभं राहून ढाल धरता येते. इथे बाजूला सरकणं हाच मुख्य बचाव. गेराल्टच्या पाच जादुई चिन्हांपैकी क्वेन आधी वाढवा, ते अंगावर कवच चढवतं आणि नवख्याचे निम्मे मृत्यू टाळतं. लढाईआधी बेस्टिअरी (मेन्यूतली राक्षसांची माहितीवही) उघडून त्या राक्षसाचं पान वाचा. तलवारीला कोणतं तेल, कोणतं चिन्ह, कोणता बॉम्ब, सगळं तिथे आहे.

अवघडपणा 'स्टोरी अँड स्वोर्ड' ठेवा. त्याच्या वरच्या पातळीपासून ध्यानाने जखमा भरत नाहीत.

नकाशावरचं प्रत्येक प्रश्नचिन्ह पुसायचा हट्ट धरू नका. व्हेलेनमधली काही चांगली आहेत. स्केलिगेच्या समुद्रात पसरलेली बहुतेक म्हणजे बुडालेल्या पेट्या, होडीतून तासन्‌तास घालवायची शिक्षा.

खाणावळीतला ग्वेंट हा पत्त्यांचा खेळ पहिल्या डावात कंटाळवाणा वाटतो, कारण तुमचे पत्ते भिकार असतात. आधी दुकानांतून पत्ते विकत घ्या, मग बसा.

## ८. सेव्ह

दोन्हींत एफ५ दाबून झटपट सेव्ह होतं. पण एकच सेव्ह पुन्हा पुन्हा वापरू नका. स्कायरिममध्ये भीती फाइल बिघडण्याची असते, म्हणून पाच-सहा वेगळ्या सेव्ह फिरवत ठेवा. विचरमध्ये भीती निर्णयाची. परिणाम दहा तासांनी कळतो, तोवर जुनी सेव्ह पुसली गेलेली असते. मोठ्या प्रसंगाआधी मेन्यूतून वेगळी सेव्ह करा. कथेत पुढे येणाऱ्या 'आइल ऑफ मिस्ट्स' या बेटाला निघताना खेळ स्वतः इशारा देतो. तो गांभीर्याने घ्या, त्यानंतर अनेक बाजूचे क्वेस्ट कायमचे बाद होतात.

विंडोज नव्याने टाकण्याआधी डॉक्युमेंट्समधलं 'द विचर ३' हे फोल्डर आणि 'माय गेम्स'मधलं 'स्कायरिम स्पेशल एडिशन' पेन ड्राइव्हवर घ्या. दुकानात फॉरमॅटला दिलेल्या मशीनमधून सर्वात आधी हेच जातं.

## ९. मॉड

विचरला पहिल्या फेरीत मॉडची गरज नाही. स्कायरिमला आहे, पण बेताने.

खेळ 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवू नका, विंडोज तिथे फाइली बदलू देताना अडवतं. दुसऱ्या ड्राइव्हवर स्टीमची लायब्ररी करा. मॉड बसवून देणाऱ्या व्होर्टेक्स किंवा मॉड ऑर्गनायझर २ या प्रोग्रॅमांतलं एकच वापरा. सुरुवात अनऑफिशियल पॅच (खेळातल्या चुकांची दुरुस्ती), एसकेएसई ६४ (इतर मॉडना लागणारा पाया) आणि स्कायूआय (सुटसुटीत मेन्यू) या तिघांनी. 'स्पेशल एडिशन' असं स्पष्ट लिहिलेलाच मॉड घ्या, २०११ च्या खेळासाठीचे इथे चालत नाहीत.

एसकेएसई खेळाच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेलं असतं. स्टीमने खेळ अपडेट केला की ते बंद पडतं. म्हणून स्टीममध्ये 'खेळ सुरू केल्यावरच अपडेट करा' हा पर्याय निवडा आणि खेळ नेहमी एसकेएसईच्या लोडरवरून उघडा. चालू सेव्हमधून मॉड काढून टाकणं ही सर्वात मोठी चूक. त्या सेव्हमध्ये त्याचे तुकडे राहतात आणि दोन दिवसांनी खेळ कारण न सांगता बंद पडू लागतो. नको असलेला मॉड काढायचा तर तो घालण्याआधीच्या सेव्हवर परत जा.

## १०. विस्तारपर्वं कधी

स्कायरिममध्ये डॉनगार्ड या विस्तारपर्वाची मंडळी लेव्हल १० नंतर स्वतःच गाठतात. नको असेल तर त्यांना नंतर येतो म्हणा. ड्रॅगनबॉर्नसाठी लेव्हल ३० पर्यंत थांबलेलं बरं, सॉल्स्थाइम बेटावरचे शत्रू त्याआधी जड जातात.

विचरमध्ये 'हार्ट्स ऑफ स्टोन' ३० च्या आसपास, 'ब्लड अँड वाइन' ३४ ला आणि मुख्य कथा संपवूनच. मेन्यूत थेट विस्तारपर्व सुरू करायचा पर्याय दिसतो. त्यात तयार, वरच्या लेव्हलचा गेराल्ट हाती मिळतो, पण तुमचा जुना गेराल्ट, त्याचे पत्ते आणि त्याने घेतलेले निर्णय त्यात नसतात. आपलीच शेवटची सेव्ह उघडा आणि सूचनाफलकाकडे जा.